सही करण्याआधीचा तास

प्रतिज्ञापत्र टेबलावर आलं तेव्हा त्यावर तिचं नाव, वय, पत्ता सगळं टाइप होऊन तयार होतं. सहीची रेघ तेवढी मोकळी होती. वरचा मजकूर असा, की माझ्या नजरचुकीने फाइल भलत्याच कपाटात ठेवली गेली आणि त्यामुळे अपील दाखल करायला अकरा दिवस उशीर झाला. सबब हा उशीर माफ व्हावा.

कोर्टाच्या आवारात तिला सगळे मुदतबाई म्हणत. एका नामांकित वकिलाकडे ती सत्तावीस वर्षं कारकून होती. कुठल्या प्रकरणात काय दाखल करायचं आणि शेवटची तारीख कोणती, हे तिला वही न उघडता सांगता यायचं. नवऱ्याचा वाढदिवस ती दोनदा विसरली होती, मुदत एकदाही नाही. आणि आता कागद सांगत होता की विसरली.

फाइल कुठल्याच कपाटात नव्हती, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुदत संपायच्या नऊ दिवस आधी तिने ती लाल चिठ्ठी लावून धाकट्या साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. धाकटे साहेब म्हणजे मोठ्या साहेबांचे चिरंजीव, वकिली सुरू करून तीन वर्षं झालेले. निवांत वाचू म्हणून त्यांनी फाइल गाडीच्या डिकीत टाकली, वर बॅडमिंटनची पिशवी ठेवली आणि विसरले. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा मेकॅनिकने फाइल काढून दिली.

मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट बोलले नाहीत, उलट खुर्ची दिली. कारकुनाची चूक कोर्ट मोठ्या मनाने माफ करतं, वकिलाची म्हटली तर सवाल-जवाब होतात, असं त्यांनी समजावलं. पक्षकार बिचारी म्हातारी नर्स आहे, तिचं राहतं घर पणाला लागलंय, तिच्याकडे बघून तरी सही करा, असंही म्हणाले. वर हेही, की तुम्ही अशा सह्या पूर्वी केल्याच आहेत.

ते खरं होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी पहिली सही केली ती न वाचताच. मुलगी आठ महिन्यांची होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. तेराव्या वर्षी दुसरी केली, ती वाचून. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही आणि का जेवली नाही ते कुणाला सांगितलंही नाही.

या वेळी तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"सही मी करते, साहेब. पण खरं लिहा. फाइल मी कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर ठेवली ते लिहा."

"म्हणजे मी माझ्या मुलाला कोर्टापुढे उभं करू?"

"मला करतच होता ना."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ पुसला. मग म्हणाले, "बरं. जा तुम्ही."

शेवटी अर्ज गेला तो तिच्या प्रतिज्ञापत्राशिवाय. त्यात एवढंच लिहिलं होतं, की कचेरीतल्या काही अडचणींमुळे उशीर झाला. सुनावणीच्या दिवशी मुदतबाई मागच्या बाकावर जाऊन बसली. नर्सबाई शेजारी बसून रुमालाला पीळ देत होत्या. न्यायाधीशांनी दोन पानं उलटली, समोरच्या वकिलाला काही म्हणायचंय का विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली, आणि उशीर माफ झाला. पुढचं प्रकरण पुकारलंसुद्धा. नर्सबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि त्या रडल्या.

बाईला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पायऱ्या उतरेपर्यंतच. खाली आल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिच्या नावाची गरजच नव्हती. मागच्या दोन्ही वेळीही नसणार. कोर्टाच्या दप्तरात दोन ठिकाणी ती कायमची निष्काळजी म्हणून लिहिली गेली होती, आणि ते कशासाठी, तर कुणाला तरी 'अडचणींमुळे' हा एक शब्द सुचला नाही म्हणून.

दाखल करण्याच्या खिडकीसमोर एक लांब बाक होता. निरनिराळ्या वकिलांचे कारकून तिथे फायली मांडीवर घेऊन नंबर लागायची वाट बघत बसत. त्या दुपारी तिने तिथे घडलेलं सगळं सांगून टाकलं. मग एक टक्कल पडलेला कारकून फायलीकडे बघत म्हणाला, "मी चार केल्यात." त्याच्या पलीकडचा म्हणाला, सात. एकाने सांगितलं, की तो आता मोजत नाही.

बाकाच्या टोकाला सायकलवाली बसली होती. चोवीस वर्षांची मुलगी, कामाला लागून दीड वर्ष झालेलं. एका बड्या वकिलाच्या फायली सायकलवरून गावभर पोचवायची म्हणून हे नाव. तिने विचारलं, "पण उशीर मोजायचा कसा? मला अजून कुणी नीट सांगितलंच नाही. चुकलं की ओरडतात, त्यावरून मी अंदाज बांधते."

कुणी हसलं नाही, कारण सगळे तसेच शिकले होते, बोलणी खात खात. वकिलाला पदवी होती, सनद होती, अंगावर काळा कोट होता. शिपायाला गणवेश होता. यांच्याकडे फक्त चुका होत्या, त्याही बऱ्याचशा दुसऱ्यांच्या.

त्याच बाकावर, एका रद्द झालेल्या मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर, मुदतबाईने अभ्यासक्रम लिहायला घेतला. बारा रविवार, बारा तास. मुदत कशी मोजायची. निकालाची नक्कल कशी मागवायची. फाइल दिल्या-घेतल्याची वही कशी ठेवायची. पक्षकाराचं गुपित कसं सांभाळायचं. अकराव्या ओळीपाशी ती थांबली, पेन झटकलं आणि लिहिलं, 'सही करण्याआधी'.

घरी नवऱ्याने तो कागद दिव्याजवळ धरून वाचला. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि कमी बोलायचा. "फळा लागेल तुला," एवढंच म्हणाला.

कचेरीत मात्र वारं फिरलं होतं. सोमवारी ती आली तेव्हा तिचं टेबल साहेबांच्या दाराशेजारी नव्हतं. ते आतल्या बोळात, झेरॉक्स मशीनला चिकटवून ठेवलं होतं. तिची मुदतींची वही धाकट्या साहेबांनी मागून घेतली. आता हे काम संगणक करणार होता. मोठे साहेब समोरून जाताना भिंतीकडे बघायचे. बाईने टेबलाचा एक पाय लटपटत होता त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि कामाला लागली. मशीनची गरम हवा दिवसभर तिच्या डाव्या कानावर यायची.

वकील मंडळाचं सभागृह रविवारी रिकामंच असायचं. तिने रीतसर अर्ज केला. मंडळाचे चिटणीस गोड बोलणारे गृहस्थ होते. बोलताना पेनचं टोपण काढायचे, लावायचे. त्यांनी अर्ज कौतुकाने वाचला आणि विचारलं, कारकुनांना शिकवायचं असतं तरी काय? बघून बघून येतंच की. सभागृहाला रंग द्यायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही.

जागा मिळाली ती नणंदेकडे. नणंद शिवणाचे क्लास घ्यायची. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, त्यात दोन रांगांत सोळा शिलाई मशीनं. हकीकत ऐकून तिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला खोचल्या.

"वहिनी, रविवारी माझा क्लास बंद असतो. पण मशीनं काही हलवायची नाहीत. तुझे कारकून मशीनसमोरच बसतील."

"चालेल, वन्सं."

"आणि खालचा पायटा कुणी पायाने हलवायचा नाही. पट्टा सुटतो."

आता शिकवायला माणूस हवा होता. मुदतबाईला सगळं येत होतं, पण खिडकीच्या पलीकडचं ज्याला येतं असा एकच होता. परतसाहेब. तीस वर्षं ते दाखल खिडकीचे अधीक्षक होते आणि हरकत काढून फाइल परत करण्यात त्यांचा हातखंडा होता. समास अर्ध्या बोटाने कमी, परत. पानावर आकडा नाही, परत. ते निवृत्त झाले त्या दिवशी बाकावरच्या कारकुनांनी आपसांत हात मिळवले होते.

घरी गाठलं तेव्हा ते बागेला पाणी घालत होते. बाईने विनंतीपत्र पुढे केलं. त्यांनी हात पुसले, खिशातून पट्टी काढली, डावा समास मोजला आणि पत्र परत दिलं. ती दुसऱ्या दिवशी नवं घेऊन गेली. तारीख उजवीकडे हवी होती, म्हणून तेही परत आलं. तिसरं पत्र त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

"यात अकराव्या तासाला काय शिकवणार?"

"ज्यावर सही करायची ते आधी वाचायचं, आणि खोटं असेल तर करायची नाही. ही सोपी गोष्ट आम्हाला कुणी शिकवली नाही."

परतसाहेबांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. हे त्यांनी ठेवून घेतलेलं, तिच्या माहितीतलं पहिलं कागदपत्र.

चाळीस जणांनी नावं दिली. पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी मंडळाच्या फलकावर सूचना लागली, की आपल्या वकिलाच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही कर्मचाऱ्याने बाहेरच्या वर्गाला जाऊ नये. रविवारी नऊ जण आले. त्यातल्या एकाने तोंडाला रुमाल बांधला होता. तो जिना चढेपर्यंत सोडला नाही, आणि वर आल्यावर सगळे ओळखीचेच निघाले तेव्हा स्वतःच ओशाळला.

नऊ माणसं शिलाई मशीनसमोर बसली, फळीवर वह्या ठेवून. नवऱ्याने खरंच फळा आणून दिला होता, पंपाच्या खोक्याच्या लाकडाला काळा रंग देऊन. मुदतबाई त्याच्यासमोर उभी राहिली. सत्तावीस वर्षांत तिने बसलेल्या माणसांपुढे उभं राहून कधी काही सांगितलं नव्हतं. ती सांगायची ती केबिनच्या दारातून, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिने खडू घेतला आणि एक तारीख लिहिली.

"हा निकालाचा दिवस. अपिलाला तीस दिवस. पहिला दिवस कुठला?"

नऊ जणांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. टक्कलवाला कारकून, बावीस वर्षं नोकरी झालेला, चुकला. निकालाचा दिवस मोजायचाच नसतो, आणि नक्कल मिळायला कोर्टाने जितके दिवस लावले तितके वजा होतात, हे तिने फळ्यावर मोजून दाखवलं. त्याने आपल्या वहीतलं उत्तर खोडलं. मग म्हणाला, की दोन वर्षांपूर्वी एका माणसाला त्याने मुदत गेली म्हणून परत पाठवलं होतं. गेली नव्हती. चार दिवस बाकी होते.

त्यानंतर कुणी रुमाल बांधून आलं नाही.

हळूहळू आकडा चौदावर गेला. परतसाहेब पट्टी घेऊन दोन रांगांतून फिरायचे. अर्ज लिहून घ्यायचे आणि परत करायचे. पण आता का परत केला तेही सांगायचे, आणि हे त्यांनी तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. एका कारकुनाचा अर्ज त्यांनी पाच वेळा परत केला, तेव्हा तो चिडून म्हणाला, निवृत्त झालात साहेब, आता तरी सोडा. सगळी खोली हसली. परतसाहेबांनी सहावा अर्ज घेतला आणि त्यावर आपली सही केली. तो अर्ज त्याने जपून ठेवला असं म्हणतात.

सायकलवाली सगळ्यांत पुढे बसायची. फाइल दिल्या-घेतल्याच्या वहीचा तास झाला त्याच आठवड्यात तिने नवी वही सुरू केली. कुठली फाइल, कुणाकडे, कोणत्या तारखेला, आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं. तिचे वकील आधी वैतागले. ती वही पुढे धरून गप्प उभी राहायची, तेव्हा सही करणं हाच सुटकेचा मार्ग उरायचा.

नवव्या रविवारनंतर मंडळाचं बोलावणं आलं.

लांब टेबल, पाण्याचा काचेचा जग, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो. पाच जण बसले होते. त्यांत तिचे मोठे साहेबही होते; ते आज भिंतीकडे बघत नव्हते. भिंतींना जुनाच रंग होता. चिटणिसांनी तिला खुर्ची दिली आणि अभ्यासक्रमाचं फार कौतुक केलं. कारकुनांच्या फायली हल्ली खिडकीवरून परत येत नाहीत, हे सदस्यांच्या लक्षात आलंय, असं ते म्हणाले. मंडळ हा वर्ग आपल्या पंखाखाली घ्यायला तयार होतं. सभागृह, मंडळाच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र, पुढच्या वर्षीपासून रीतसर जाहिरात. फक्त तो अकरावा तास गाळावा. त्याने वकील आणि कर्मचारी यांच्यात गैरसमज होईल.

मुदतबाईने विचारलं, त्यातलं कुठलं वाक्य चूक आहे. चिटणिसांनी पान काढलं, वरून खालपर्यंत वाचलं, टोपण काढलं, लावलं. मग म्हणाले, चूक म्हणून नाही, पण सूर बरा नाही.

तेव्हा मोठे साहेब बोलले. "बाई, सत्तावीस वर्षं मी तुम्हाला घरच्यासारखं वागवलं."

"वागवलंत, साहेब. मी नाही म्हणत नाही. पण चूक कुणाच्या नावावर लिहायची वेळ आली, तेव्हा घरचं माणूस वेगळं निघालं."

चिटणिसांनी खाकरून विचारलं, मग मंडळाच्या प्रस्तावाबद्दल काय समजायचं?

ती उठली. तिने खुर्ची आत सरकवली.

"बाकीचे अकरा तास मंडळाने खुशाल घ्यावेत. सभागृहात घ्या, शिक्का मारा, माझं नावसुद्धा घालू नका. तो एक तास मी माझ्याकडे ठेवते. जागा नाही मिळाली तर खिडकीसमोरच्या बाकावर घेईन."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की वर्ग किंवा कचेरी, एक काय ते ठरवा. राजीनामा दिलात तर मी शिफारसपत्र चांगलं देईन. बाईने शांतपणे सांगितलं, की राजीनामा ती देणार नाही. त्यांना काढायचं असेल तर त्यांनी काढावं, कारण लिहून द्यावं, आणि ते कारण ती सही करण्याआधी वाचेल. साहेबांनी कागद पुढे ओढला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग टोपलीत टाकला. ती बोळात येऊन बसली आणि मशीनच्या गरम हवेत दुपारपर्यंतच्या नकला संपवल्या.

अकराव्या रविवारी एकही गैरहजर नव्हता. बाईने कोर्टाच्या दप्तरातून आपल्याच दोन जुन्या प्रतिज्ञापत्रांच्या नकला रीतसर अर्ज करून काढल्या होत्या. त्या तिने उभं राहून वाचून दाखवल्या, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत. मग दोन्ही वेळा खरं काय घडलं होतं ते सांगितलं. पहिली सही मी वाचली नाही म्हणून केली, दुसरी वाचूनही केली, आणि दुसरीची लाज मला जास्त वाटते, असं ती म्हणाली. सही नाकारली तर नोकरी जाऊ शकते, हेही तिने लपवलं नाही. नाकारायची कशी, ते सांगितलं. आवाज न चढवता, आणि जे खरं आहे ते स्वतःच्या हाताने लिहून पुढे करून. त्यातून पक्षकाराचं नुकसान होऊ द्यायचं नाही.

मागे परतसाहेब उभे होते. ते पुढे आले, आणि फळ्याकडे तोंड करून बोलले.

"अशी शेकडो प्रतिज्ञापत्रं माझ्या खिडकीतून गेली. एकेका कारकुनाच्या नावाची सात-सात. एवढे निष्काळजी लोक एवढी वर्षं नोकरीवर राहतात कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी समास मोजत बसलो."

पट्टी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी एका मशीनच्या फळीवर ठेवली आणि खाली बसले. नणंदेने, जी त्या दिवशी उगाचच काहीतरी शिवायचं निमित्त काढून कोपऱ्यात बसली होती, उठून सगळ्यांना पाणी दिलं.

बाराव्या रविवारी परीक्षा झाली, प्रमाणपत्रं वाटली. ती खालच्या छापखान्यातून छापून आणली होती आणि त्यांवर शिवणक्लासाचा पत्ता होता. सायकलवाली पहिली आली.

तीन आठवड्यांनी ती मुदतबाईच्या घरी आली, सायकल न घेता. वकिलांनी तिच्यापुढे कागद ठेवला होता. नोटीस वेळेत न गेल्याचं खापर तिच्यावर. तिने वाचला, नाही म्हणाली, आणि खरं काय ते लिहून पुढे केलं, अगदी वर्गात सांगितलं तसं. तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. सायकल कचेरीची होती, तीही ठेवून घेतली.

पाठोपाठ तिची आई आली. ती दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. "तुमची नोकरी शाबूत आहे," ती म्हणाली. "माझ्या मुलीची गेली."

"खरं आहे," मुदतबाई म्हणाली. आई तशीच उभी राहिली. मग मुलीने पिशवीतून आपली दिल्या-घेतल्याची वही काढली आणि एक पान उघडलं. नोटिशीची फाइल, तारीख, आणि समोर वकिलांची स्वतःची आद्याक्षरं. मुदतीच्या सहा दिवस आधीची. आईने ते पान वाचलं. चप्पल काढून ती आत आली.

पत्र त्या तिघींनी आणि परतसाहेबांनी मिळून लिहिलं. एकच पान. मला कामावरून का काढलं याचं कारण लिहून मिळावं, सोबत वहीच्या पानाची नक्कल जोडली आहे. एक प्रत वकिलांना, एक मंडळाला. परतसाहेबांनी समास मोजला नाही. आईने मोजला, आणि बरोबर आहे म्हणाली.

लेखी उत्तर कधीच आलं नाही. मात्र त्या प्रकरणात दाखल झालेलं प्रतिज्ञापत्र वकिलांनी मागे घेतलं आणि दुसरं दिलं, ज्यात मुलीचा उल्लेख नव्हता. त्यांना कुणी जाब विचारला नाही. मुलीला त्या कचेरीत परत घेतलं नाही. चार महिने ती नणंदेच्या क्लासात मदत करायची; तिने केलेली काजं शेवटपर्यंत एका रेषेत आली नाहीत, आणि नणंद ती मुकाट्याने उसवून पुन्हा करायची. मग औषधाच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या एका वकीलबाईंनी तिला बोलावलं. कचेरी एका खोलीची, कामं किरकोळ. वकीलबाईंनी मुलाखतीत एकच विचारलं, ती वही अजून ठेवतेस का. सायकल मुलीने स्वतःची घेतली.

मुदतबाई अजून झेरॉक्स मशीनशेजारीच बसते. संगणकाने कोर्टाच्या उन्हाळी सुट्ट्या मोजण्यात दोनदा घोळ घातल्यावर धाकटे साहेब बोळात येऊन तिला तारखा विचारू लागले, आधी हळू आवाजात, मग नेहमीच्या. ती सांगते. वहीत लिहून, तारीख घालून, त्यांची आद्याक्षरं घेऊन सांगते. पहिल्यांदा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण केली. मोठे साहेब याविषयी काही बोललेले नाहीत.

दुसऱ्या वर्गाला एकतीस जण आले. सोळा मशीनं पुरेनात, म्हणून कापड बेतायच्या टेबलाभोवती स्टुलं मांडली. सातजणांनी वकिलांची परवानगीपत्रं आणली होती. फायली परत येऊ नयेत, हे आता सगळ्यांना हवंच होतं. त्यांतली दोन पत्रं मोठ्या साहेबांच्या सहीची होती, त्यांच्या नव्या कारकुनांसाठी. बाईने सातही पत्रं वाचली आणि ज्याची त्याला परत दिली.

"ही मी मागितली नव्हती," ती म्हणाली. "इथे यायला कुणाची परवानगी लागत नाही. ठेवा तुमच्याजवळ."

मग ती फळ्याकडे वळली. मुदत मोजायचा तास या वेळी दुसऱ्या रविवारी ठेवला होता. परतसाहेब मागच्या रांगेत पट्टी खिशात घालून बसले. तिने खडू घेतला आणि पहिल्याच दिवशी, सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सही करण्याआधी'.